फ्रेंच-व्हिएतनामी रेस्टॉरंटात पहिल्यांदा जेवायला जाताना : सांगली-साताऱ्याच्या मंडळींसाठी

फ्रेंच-व्हिएतनामी जेवण पहिल्यांदा जेवून आलेल्या सांगलीकराला कसं होतं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "दिसायला छान होतं, पण पचपचीत." यात जेवणाऱ्याचा दोष नसतो आणि सहसा आचाऱ्याचाही नसतो. आपल्याकडे भाजी, आमटी, रस्सा चुलीवरून पुरा होऊनच उतरतो. ताटात फार तर लिंबू पिळायचं. व्हिएतनामी पदार्थ मात्र अर्धा होऊन टेबलावर येतो. आंबट, खारट, तिखट आणि हिरवा पाला शेजारी मांडलेला असतो, आणि ते घालून पदार्थ पुरा करायचं काम जेवणाऱ्याचं असतं. फ्रेंच पदार्थाचं नेमकं उलट. तो आचाऱ्याने पुरा करूनच पाठवलेला असतो, त्यावर वरून काही घातलं की बिघडतो.

एकाच टेबलावर हे दोन्ही येतात. कुठल्या ताटलीत आपण हात घालायचा आणि कुठल्या नाही, हे कळलं की निम्मं काम झालं. खूण सोपी आहे. ताटलीबरोबर पाल्याची परडी, लिंबाच्या फोडी किंवा वाटीत पातळ सॉस आला, तर पदार्थ तुम्ही पुरा करायचा. सॉस पदार्थाखाली पसरून किंवा वरून ओतूनच आला, तर तो तसाच खायचा.

हे दोन स्वयंपाक एकत्र आले ते राज्यकर्त्यांमुळे. फ्रेंचांनी १८५९ मध्ये सायगाव घेतलं, १८८७ मध्ये फ्रेंच इंडोचायना उभं केलं आणि १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईतल्या पराभवानंतर त्यांना निघावं लागलं. पाव, लोणी, पाते (कलेजीचा लगदा), कॉफी, कस्टर्ड मागे राहिलं, पण व्हिएतनामी लोकांनी ते जसंच्या तसं ठेवलं नाही. लांब फ्रेंच पाव हलका आणि पातळ कवचाचा झाला, त्यात लोणचं, कोथिंबीर, मिरची आली. असा भरलेला पाव विकणाऱ्या सायगावातल्या सुरुवातीच्या दुकानांत १९५८ च्या 'होआ मा'चं नाव घेतलं जातं. ताजं दूध मिळणं अवघड, म्हणून कॉफीत डब्यातलं गोड घट्ट दूध आलं. यात आपल्या देशाचाही हात आहे. पाँडिचेरी फ्रेंचांकडे होती, तिथली तमिळ मंडळी सायगावला जाऊन राहिली, आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये नारळाच्या दुधातली चिकन करी फ्रेंच पावाबरोबर खायची पद्धत रुळली. मेनूवर 'का री गा' दिसली तर हीच ती. घरातलं कुणी नव्या पदार्थांना बिचकत असेल, तर त्यांच्यासाठी ही मागवा. पाव बुडवून कुणीही आनंदाने खातं.

फोन आणि वेळ

सांगली-साताऱ्याच्या माणसाला हे जेवण बहुधा पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात भेटतं. पुणं सांगलीहून सुमारे २३० किलोमीटर, साताऱ्याहून ११०. सातारकरांना रात्रीचं जेवण जमतं. सांगलीकरांनी एका दिवसात परतायचं असेल तर दुपारच गाठावी, कारण रात्री अकराला बिल भरून निघालात तर घरी पोचेपर्यंत पहाट होते.

दुपारी जाताना एक गोष्ट हमखास चुकते. अशा ठिकाणी दुपारचं किचन बऱ्याचदा तीन-साडेतीनला बंद होतं आणि थेट सातला उघडतं. खंबाटकी घाटात किंवा पुण्यात शिरताना तासभर गेला की सव्वातीनला पोचून "किचन क्लोज्ड" ऐकावं लागतं. म्हणून टेबल दीडचं सांगा, सांगलीहून सातच्या आत निघा आणि फोनवर "लास्ट ऑर्डर किती वाजता?" हे विचारूनच ठेवा.

त्याच फोनवर आणखी चार गोष्टी उरकून घ्या: किती जण, त्यात लहान मुलं किती, शाकाहारी-जैन किती आणि शेंगदाणा किंवा कोळंबीची ॲलर्जी कुणाला आहे. शेंगदाणा या जेवणात जागोजागी असतो. सॅलडवर कुटून, सॉसमध्ये वाटून, नूडल्सवर भुरभुरून. ॲलर्जी टेबलावर बसल्यावर सांगितली तर किचनच्या हातात फारसं काही उरत नाही, कारण सॉस सकाळीच करून ठेवलेले असतात.

शाकाहाऱ्यांनी हे नीट वाचा

इथे "हे व्हेज आहे का?" हा प्रश्न पुरत नाही. वाढणारा मुलगा रोलच्या आतलं सारण आठवतो, त्यात गाजर-काकडी-टोफू दिसतो आणि तो मनापासून "हो" म्हणतो. गडबड सारणात नसते, ती बाहेर असते.

सगळ्यात मोठी अडचण फिश सॉसची. छोटे मासे आणि मीठ थरावर थर लावून पिंपात बारा महिने किंवा जास्तच मुरवतात आणि खाली उतरणारं तांबूस पाणी गाळून घेतात, त्याचं नाव न्युओक माम. व्हिएतनामी स्वयंपाकात मिठाची जागा बऱ्याच अंशी तोच घेतो. रोलबरोबर येणारी पातळ, गोडसर-आंबट चटणी, न्युओक चाम, त्याचीच असते. व्हेज रोलबरोबर हीच वाटी सवयीने ठेवली जाते. त्यामुळे प्रश्न सुटे सुटे विचारा. डिपमध्ये फिश सॉस आहे का? सूपचं पाणी भाज्यांचं की हाडांचं? परतताना ऑयस्टर (कालवांचा) सॉस घालता का? व्हेज रोल कोळंबीच्याच तेलात तळता का? गोडामध्ये जिलेटिन किंवा अंडं आहे का? फ्रेंच ओनियन सूप नावावरून शाकाहारी वाटतं, पण मूळ पाककृतीत ते मांसाच्या स्टॉकवरच होतं, तेव्हा तिथेही विचारायचंच.

मेनूवर 'चाय' असं लिहिलेलं काही वेळा दिसेल. व्हिएतनाममध्ये बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्या स्वयंपाकाचं हे नाव. सोयाबीन किंवा अननसापासून केलेला शाकाहारी 'फिश सॉस'ही मिळतो आणि चांगल्या ठिकाणी मागितला की देतात. पण ते नसेल तर लिंबू, साखर, मीठ, लसूण आणि मिरची कोमट पाण्यात ढवळून द्यायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, कुणी नाही म्हणत नाही.

जैन मंडळींना एक जास्तीची खबरदारी. कांदा, लसूण, गाजर, मुळा टाळायला सांगितलं तरी राइस पेपर, म्हणजे रोल गुंडाळायचा पातळ कागद, राहून जातो. नाव तांदळाचं असलं तरी बऱ्याच कंपन्यांच्या राइस पेपरमध्ये टॅपिओका, म्हणजे कंदाचं पीठ असतं. पाकीट दाखवायला सांगा, त्यावर घटक छापलेले असतात. आदल्या दिवशी फोन केलात तर लेट्यूसच्या पानात गुंडाळलेले रोल करून मिळू शकतात, आणि खरं तर ते चवीला कमी नसतात.

मांसाहार करणाऱ्यांनाही दोन गोष्टी माहीत हव्यात. पाते म्हणजे कलेजीचा मऊ लगदा, आणि मूळ पाककृतीत ती डुकराची असते. इथे बऱ्याचदा चिकनची वापरतात. विचारून घ्या. फ्रेंच जेवणातलं प्रसिद्ध फ्वा ग्रा (बदक-हंसाची कलेजी) भारतात शोधू नका, त्याच्या आयातीवर २०१४ पासून बंदी आहे. दुसरं, मेनूवरच्या 'बो'चं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे इथे 'बफ' किंवा 'टेंडरलॉइन' लिहिलेलं मांस म्हशी-रेड्याचं असतं. गोव्यात किंवा प्रत्यक्ष व्हिएतनामला गेलात तर तो हिशेब धरू नका. तिथे 'बो' म्हणजे गोमांस. 'गा' चिकन, 'वित' बदक, 'का' मासा, 'तोम' कोळंबी, 'हेओ' डुक्कर. एवढे शब्द पाठ असले की अनोळखी मेनूही बऱ्यापैकी वाचता येतो.

ऑर्डर : दोन हप्त्यांत

बरेचसे व्हिएतनामी पदार्थ मध्ये ठेवून सगळ्यांनी वाटून खायचे असतात. फ्रेंच मेन कोर्स एका माणसाचा असतो, त्याची ताटली तशीच मांडलेली असते. नवखी मंडळी नेमकं उलटं करतात. प्रत्येकासाठी एकेक फो (नूडल्सचं पातळ सूप) मागवतात आणि एकच बदकाची तंगडी चौघांत फाडत बसतात.

चौघांसाठी पहिल्यांदा असं मागवून पाहा. आधी एक प्लेट ताजे रोल, एक प्लेट तळलेले रोल, एक कच्च्या पपईचं सॅलड. ते संपत आल्यावर एक बान्ह सेओ (भरलेलं तांदळाचं घावन), एक मोठा फो आणि चार रिकामे बाऊल, एक फ्रेंच मेन आणि एक भाताचा किंवा कोरड्या नूडल्सचा पदार्थ. गोड शेवटी, दोनच. भूक उरली तर आणखी सांगता येतं. आधीच सगळं सांगितलं तर सगळं एकदम येतं, तुम्ही रोल गुंडाळत बसता आणि तोवर तळलेलं मऊ पडतं, फोच्या नूडल्स फुगतात. "हे आधी आणा, ते मागाहून सांगतो," असं स्पष्ट म्हणा. "मेन कधी आणू?" असं वाढणाऱ्याने विचारलं तर घाई नाही म्हणून सांगा.

विश्रामबागेतल्या चायनीजच्या गाडीची चव मनात धरून जाऊ नका. त्या काळ्या सोया सॉसचा, कॉर्नफ्लोअरच्या घट्ट रश्शाचा इथे संबंध नाही. इथलं सूप पातळ आणि नितळ असतं, आणि नितळ असणं हेच आचाऱ्याचं कौशल्य.

परडीतला पाला आणि वाटीतला सॉस

पाल्याची परडी ही शोभा नाही. ती अख्खी परत जाते तेव्हा अर्धं जेवण परत जातं. त्यातलं बरंचसं तुम्हाला ओळखीचं आहे: पुदिना, कोथिंबीर, शेपू. जांभळ्या देठाची, बडीशेपेच्या वासाची पानं म्हणजे थाई बेसिल, आपल्या सब्जाच्याच जातीचं झाड. लांबट, कातर कडांचं पान दिसलं तर ती कोथिंबिरीच्याच वासाची पण जास्त उग्र वनस्पती; थोडीच घ्या. पानं देठापासून खुडून हाताने फाडायची. अख्खी पानं टाकली तर वास सुटत नाही आणि घासाला लांब देठ अडकतो.

सॉसची चव आधी बोटाच्या टोकावर घ्या. न्युओक चामचं साधारण प्रमाण एक भाग फिश सॉस, एक भाग लिंबाचा रस, एक भाग साखर आणि चार-पाच भाग पाणी, वर बारीक लसूण-मिरची. चांगल्या सॉसमध्ये आधी गोड-आंबट लागतं आणि खारटपणा मागून येतो. नुसता खारट लागला तर पाणी कमी पडलंय, नुसता गोड लागला तर लिंबू पिळा. फिश सॉसचा वास बाटलीत उग्र असतो, पण वाटीत लिंबू-साखरेत मिसळल्यावर तो उरत नाही. उरला असेल तर मिश्रण चुकलंय, सांगून बदलून घ्या. तिखट हवं असेल तर ताज्या मिरच्यांच्या चकत्या मागा. लाल मिरचीचा घट्ट सॉस प्रत्येक पदार्थावर ओतला तर सगळ्याची चव एकच होते.

रोल स्वतः गुंडाळायचे असतील

काही ठिकाणी सारण, कोरडे राइस पेपर आणि कोमट पाण्याचं भांडं आणून ठेवतात. बघायला सोपं वाटतं, पण पहिला रोल बहुतेकांचा फाटतो.

१. कागद पाण्यात दोन-तीन सेकंदच बुडवा आणि लगेच काढा. हाताला अजून कडक लागला पाहिजे.
२. ओल्या ताटलीवर अर्धा मिनिट पसरून ठेवा. उरलेलं पाणी तो स्वतः शोषून मऊ होतो. पाण्यातच मऊ होईपर्यंत धरून ठेवला तर उचलताना चिकटून गोळा होतो.
३. सारण मधोमध नव्हे, तुमच्याकडच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवा. आधी लेट्यूसचं पान, त्यावर शेवया, मग भाजी, मग पुदिना. लेट्यूस खाली असला की गाजराची टोकं कागदाला भोसकत नाहीत. सगळं मिळून अंगठ्याएवढं जाड. जास्त भरलं की फुटतंच.
४. खालची कड सारणावर घट्ट ओढा, एक वेढा घ्या, मग दोन्ही बाजू आत दुमडा आणि शेवटपर्यंत गुंडाळा.

झालेले रोल एकमेकांना टेकवून ठेवू नका, चिकटतात आणि सुटे करताना साली निघतात. करायचा आणि खायचा. प्रवासाआधी घरी एकदा करून पाहायचं असेल तर राइस पेपर ऑनलाइन मिळतो. लहान मुलांना हे फार आवडतं आणि रेस्टॉरंटात गेल्यावर तीच मोठ्यांना शिकवतात.

तळलेले रोल चमच्याने किंवा चॉपस्टिकने उचलून नुसते खायचे नाहीत. लेट्यूसच्या पानात रोल, दोन पुदिन्याची पानं, एक बेसिलचं पान, गुंडाळायचं आणि न्युओक चाममध्ये बुडवायचं. गरम-कुरकुरीत आणि गार-ओलं एकाच घासात यावं, ही त्यामागची कल्पना. हाताने खायचं आहे, त्यामुळे संकोचायचं कारणच नाही.

बान्ह सेओही असंच. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि हळद यांचं पातळ घावन, अर्धं दुमडलेलं, आत कोळंबी आणि मोड आलेले मूग. पिवळा रंग अंड्याचा नाही, हळदीचा आहे. सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको. सुरीने कापू नका. हाताने तळहाताएवढा तुकडा तोडा, पानात घाला, बुडवा. कडा कुरकुरीत आणि मधला भाग मऊ हवा. संपूर्ण मऊ आला तर तवा नीट तापला नव्हता किंवा पीठ जाड पडलं. दहा मिनिटांत तो मऊ पडतोच, म्हणून आला की लगेच सगळ्यांनी हात घालायचा.

फो

फोच्या पाण्याला सहा-आठ तास लागतात. हाडं मंद आचेवर, शिवाय थेट आगीवर काळपट भाजलेला कांदा आणि आलं, आणि चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धणे. हे सगळं तुमच्या गोड्या मसाल्याच्या डब्यातलं आहे, म्हणून वास परका वाटत नाही. फरक एवढाच की इथे मसाला वाटून घालत नाहीत, अख्खा उकळून काढून टाकतात.

बाऊल समोर आला की काहीही न घालता दोन चमचे नुसतं पाणी प्या. पाहुणे आल्याबरोबर आमटीत तिखट ओतत नाहीत, आधी चव बघतात, तसंच. मग थोडे मोड, फाडलेली पानं, लिंबाची एक फोड. वर कच्च्या मांसाच्या पातळ चकत्या असतील तर घाबरू नका, चॉपस्टिकने पाण्याखाली दाबा. पाणी वाफाळतं असलं तर अर्ध्या मिनिटात त्या शिजतात. पाणी कोमट आलं असेल तर मात्र बाऊल परत पाठवा, ते अर्धवट राहतं. होइसिन (गोडसर, घट्ट काळा सॉस) आणि लाल मिरचीचा सॉस थेट बाऊलमध्ये पिळू नका. छोट्या वाटीत घ्या आणि मांसाचा तुकडा त्यात टेकवून खा. सॉस आत गेला की सहा तासांचं पाणी गोड, तांबडं होऊन जातं.

चॉपस्टिक उजव्या हातात, चमचा डाव्या. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर स्थिर राहते, हलते ती फक्त वरची, अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरलेली. नाही जमलं तर काटा मागा, त्यात कमीपणा काही नाही. एक पथ्य मात्र पाळा: चॉपस्टिक भातात किंवा नूडल्समध्ये उभ्या खोचू नका. मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात. बाजूला आडव्या ठेवा.

आणि फोटो एकच काढा. नूडल्स दहा मिनिटांत पाणी पिऊन फुगतात आणि तुटायला लागतात. दुसऱ्याचं जेवण यायचं असलं तरी फो आला की सुरू करायचं.

आता फ्रेंच ताटली

इथे हात आवरा. लोण्याच्या सॉसवर लिंबू पिळलं तर त्याचा तोल बिघडतो, मिरचीचा सॉस घातला तर लोण्याची चव मरते. फ्यूजन पदार्थांत व्हिएतनामी चव सॉसमध्येच मुरवलेली असते. उदाहरणार्थ बेर ब्लां या लोण्याच्या सॉसमध्ये गवती चहा, तोही आपण चहात टाकतो ती पात नव्हे, खालचा पांढरा दांडा ठेचून. किंवा बदकाच्या सॉसमध्ये संत्रं आणि चक्रीफूल.

'कॉन्फी' म्हणजे मांस स्वतःच्याच चरबीत तासन्‌तास मंद शिजवलेलं. ते हाडापासून काट्याने सुटलं पाहिजे. सुरी चालवावी लागली तर शिजवण्यात घाई झाली. 'बो लुक लाक' म्हणजे मोठ्या आचेवर झटकन परतलेले मांसाचे चौकोनी तुकडे, सोबत मीठ-मिरपूड-लिंबाची वाटी. हा एक पदार्थ मात्र फ्रेंच दिसतो पण बुडवूनच खायचा. स्टेक मागवताना "कसा हवा?" विचारतात. मीडियम म्हणजे मधोमध गुलाबी. गुलाबी रंग नको असेल तर 'वेल डन' सांगू नका, कारण म्हशीचं टेंडरलॉइन तेवढं शिजवलं की चिवट होतं. त्याऐवजी 'बो खो' घ्या: गवती चहा आणि चक्रीफूल घालून मऊ होईपर्यंत शिजवलेला रस्सा, सोबत पाव. आपल्या जिभेला तो लगेच पटतो.

पावाबद्दल तडजोड करू नका. कवच दाबलं की कडकडून तुकडे पडले पाहिजेत आणि आतला भाग कापसासारखा नको, जाळीदार हवा. वातड पाव आला तर तो सकाळचा आहे आणि गरम केलेला नाही; "ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं देऊन आणा," एवढं सांगितलं तर कुणी रागावत नाही.

कॉफी, वाइन, गोड

कॉफी घेतल्याशिवाय उठू नका. व्हिएतनाम हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक, आणि पीक मुख्यतः रोबस्टाचं, म्हणून कडू आणि जोरदार. ग्लासच्या तळाशी घट्ट गोड दूध आणि वर फिन नावाची पत्र्याची गाळणी ठेवून आणतात. त्यात २० ते २५ ग्रॅम पूड असते, थेंब पडायला चार-पाच मिनिटं लागतात. झाकण दाबू नका, हलवू नका. मिनिटभरात सगळं खाली आलं तर पूड जाड दळली आहे आणि कॉफी पाणचट लागेल; आठ मिनिटांनीही थेंब अडकलेले असतील तर सांगा. पुरी गळली की तळापासून ढवळा, मगच बर्फ घाला. उलट केलं तर दूध तळाशी गोठून बसतं. एग कॉफी १९४६ च्या दूधटंचाईत हनोईत न्गुयेन वान ज्यांग यांनी सुरू केली. वरचा फेस अंड्याच्या पिवळ्या बलकाचा असतो आणि तो नीट शिजलेला नसतो, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी आणि लहानग्यांनी टाळावी.

क्रेम कॅरामेलमध्येही अंडं असतंच. वरचा पाक किंचित कडू हवा. वाइन घ्यायचीच असेल तर नाशिककडची शेनां ब्लां ही पांढरी वाइन बरी; तुरट तांबडी वाइन मिरची आणि फिश सॉसबरोबर तोंडात कडवट लागते. महाराष्ट्रात वाइन-बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५.

बिल

बसल्याबसल्या "रेग्युलर वॉटर" म्हणून सांगा, नाहीतर बाटली उघडली जाते. मेनूवरचे भाव बहुधा कराशिवायचे असतात. साध्या रेस्टॉरंटात जेवणावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४,००० च्या जेवणाचे ४,२००. महागड्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के असू शकतो, हे आधी विचारा. मद्यावर जीएसटी नसतो, त्याचा व्हॅट वेगळा दाखवतात.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, अशा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचना आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्या मार्च २०२५ मध्ये उचलून धरल्या. १० टक्के लावला तर त्याच बिलाचे करासह ४,६२० होतात. काढायला सांगा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. सेवा आवडली असेल तर टीप वाढणाऱ्याच्या हातात द्या.

उरलेलं बांधून घेताना

फो बांधून घ्यायचा तर पाणी, नूडल्स आणि पाला तीन वेगळ्या डब्यांत. ताजे रोल फ्रिजमध्ये कडक होतात, ते टेबलावरच संपवा. भरलेला पाव लोणच्याच्या पाण्याने तासाभरात लगदा होतो. पाव आणि सारण वेगळं मागा. मांस-मासे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर तर एकच तास. सातारकर हे कसंबसं जमवू शकतो. सांगलीपर्यंतच्या चार-पाच तासांच्या प्रवासात बर्फाची पेटी नसेल तर फक्त कोरडा पाव आणि कॉफीची पूड बरोबर घ्या.